बे एरियात नवीन आलात? बातम्यांचा रेडिओ ऐकायला शिका

पुण्याहून बे एरियात, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या भागात, फ्रीमॉन्टला आले तेव्हा पहिले तीन महिने मी गाडीतला रेडिओ लावलाच नव्हता. रेडिओ म्हणजे सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या, नाहीतर मग एफएमवरची गाणी, एवढंच डोक्यात होतं. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवता येतं. त्यामुळे एकाच महानगरासाठी चोवीस तास फक्त बातम्या सांगणारं आणि जाहिरातींवर चालणारं स्टेशन असू शकतं, हे आपल्या मनातच येत नाही.

मग एका सकाळी शेजारच्या क्युबिकलमधल्या बाई म्हणाल्या, "निघण्याआधी सात-चाळीस लावत जा." त्यांचा अर्थ ७४० एएम, म्हणजे केसीबीएस. पहिल्या दिवशी मला त्यातलं निम्मंसुद्धा कळलं नाही. माणसं भराभर बोलत होती, रस्त्यांची नावं नकाशावर सापडत नव्हती आणि दर दोन मिनिटांनी कुठला तरी वकील किंवा खिडक्या बसवणारा मधे येत होता. हळूहळू कान तयार झाला, आणि आज कोणी नवीन आलं की मी त्यांना बँक खातं आणि ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतच हेही लिहून देते. नकाशाचं ॲप तुम्हाला तुमचा रस्ता दाखवतं. या भागात आज काय चाललंय, धूर कुठून येतोय, शाळा का बंद आहेत, पूल का अडलाय, हे रेडिओ सांगतो. ज्या गावात राहायचं ते गाव कळायला हवं, म्हणून हा लेख.

काय काय लागेल

- गाडीतला रेडिओ. एएम आणि एफएम दोन्ही आहेत का ते आधी बघा.
- घरासाठी बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ. हाताने फिरवून चार्ज होणारा मिळाला तर जास्त चांगलं.
- जादा सेल.
- कागदावर लिहिलेली स्टेशनांची यादी. फोनमधली चालणार नाही, कारण फोन बंद पडेल तेव्हाच ती लागणार आहे.
- पहिल्या आठवड्यापुरती एक छोटी वही.

लायसन्स, नोंदणी, वर्गणी यातलं काही लागत नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण माझ्या बाबांनी आल्या आल्या विचारलं होतं, "इथे रेडिओचं लायसन कुठे भरायचं?" त्यांच्या तरुणपणी ते पोस्टात भरावं लागायचं.

१. आधी स्टेशनं लावून ठेवा

गाडी उभी असताना ही तीन बटणांवर साठवून टाका.

७४० एएम आणि १०६.९ एफएम: दोन्हीकडे केसीबीएसच. सगळा वेळ बातम्या. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, पण डोंगर आडवा आला की तो तुटतो. सतरा नंबरच्या रस्त्याने सांताक्रूझकडे निघालात की याचा अनुभव येईल. एएमला खरखर असते, विजेच्या तारांखाली आणि बोगद्यात तो गप्प होतो, पण जातो लांबवर. केसीबीएसचा एएम मनोरा उत्तरेला नोव्हाटोत आहे, ताकद ५० हजार वॅट. रात्री एएमच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन आणखी दूर पोहोचतात. बे एरियापासून खूप लांब गेल्यावरही रात्री हे स्टेशन लागलं तर नवल वाटून घेऊ नका.

८८.५ एफएम: केक्यूईडी. हे सार्वजनिक रेडिओ स्टेशन आहे, म्हणजे श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारं. बातम्यांच्या मागचं 'का' समजून घ्यायचं असेल तर इथे. मात्र पुलावर अडकला असाल तर ७४० वरच या.

जुन्या मंडळींकडून ८१० एएमवरच्या केजीओचं नाव ऐकाल. कित्येक दशकं तिथली चर्चासत्रं या भागात घरोघरी ऐकली जायची. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो बातम्या-चर्चांचा कार्यक्रम बंद झाला. जुन्या याद्यांमध्ये अजून सापडेल, शोधत बसू नका.

इथे एक फसगत होते. इलेक्ट्रिक गाडी घेताय? तिच्यात एएम आहे का हे विचारून घ्या. या गाड्यांच्या मोटारींमुळे एएमवर विद्युत गोंगाट होतो, म्हणून अनेक कंपन्यांनी एएमच काढून टाकलाय. अशा गाडीत १०६.९ एफएम कामाला येतो.

जाता जाता एक गोष्ट सांगते, कारण मला ती फार आवडते. सॅन होजेमध्ये १९०९ साली चार्ल्स हेरॉल्ड नावाच्या गृहस्थांनी आपल्या वायरलेस शिकवण्याच्या शाळेतून आवाजाचं प्रसारण सुरू केलं. त्यांची बायको सिबिल तबकड्या वाजवून गाणी ऐकवायची. १९२१ मध्ये त्या प्रयोगाला केक्यूडब्ल्यू या नावाने परवाना मिळाला, १९४९ मध्ये त्याचंच केसीबीएस झालं आणि १९६८ पासून ते बातम्यांचं स्टेशन आहे. म्हणजे आपण ज्या शहरात भाजी आणायला जातो तिथे या रेडिओचं मूळ आहे.

२. घड्याळ पाठ करा

या स्टेशनचा सगळा कारभार मिनिटांवर चालतो. एक वाक्य लक्षात ठेवा: ट्रॅफिक आणि हवामान दर दहा मिनिटांनी, 'ऑन द एट्स'. म्हणजे प्रत्येक तासाच्या ८, १८, २८, ३८, ४८ आणि ५८ व्या मिनिटाला. सात पंचेचाळीसला घर सोडणार असाल तर सात अडतीसला स्वयंपाकघरात रेडिओ लावा, डबा भरता भरता ऐका.

तासाच्या सुरुवातीला देशातल्या आणि जगातल्या मोठ्या बातम्या येतात. मग स्थानिक बातम्या, मधे खेळ, शेअर बाजार. त्याच तासाच्या टोकाला स्टेशनचं नाव आणि गाव सांगितलं जातं. तो नियमच आहे. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडच्या बहुतेक स्टेशनांची नावं 'के'ने सुरू होतात आणि पूर्वेकडच्यांची 'डब्ल्यू'ने, हेही कळलं की लांबच्या प्रवासात गंमत येते.

बऱ्याच जणांना वाटतं की त्याच त्या बातम्या पुन्हा पुन्हा सांगतात. सांगतातच. हे स्टेशन दिवसभर ऐकण्यासाठी नाहीच. वीस-पंचवीस मिनिटं ऐकायचं आणि बंद करायचं. तसं ऐकलं तर पुनरुक्ती जाणवतसुद्धा नाही.

ॲपवर ऐकत असाल तर आवाज थेट प्रक्षेपणापेक्षा मागे असतो. बातम्यांना चालतं. पण पुढच्या एक्झिटला वळायचं की नाही हे ठरवायचं असेल तर खरा रेडिओच लावा.

३. रस्त्यांची भाषा शिका

यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. ट्रॅफिक सांगणारी व्यक्ती एका दमात पंधरा रस्ते सांगते, आणि पाटीवर जे लिहिलंय ते न म्हणता लोकांच्या तोंडातलं नाव घेते. माझ्या पहिल्या वहीतली पानं आधी उतरवते.

निमिट्झ म्हणजे ८८० नंबरचा महामार्ग. ओकलंडमधून जाणाऱ्या ५८० वर जड ट्रकना बंदी आहे, त्यामुळे सगळे ट्रक ८८० वर येतात. 'बिग रिग' म्हणजे हेच मोठे ट्रक. फ्रीमॉन्टहून ओकलंडकडे जाणाऱ्यांनी हा शब्द ऐकला की कान टवकारावेत.

बेशोर म्हणजे १०१. ईस्टशोर म्हणजे बर्कलीच्या बाजूचा ८०.

सुनोल ग्रेड म्हणजे ६८० वरचा फ्रीमॉन्ट ते प्लेझन्टनमधला चढ. अल्टामॉन्ट म्हणजे ५८० वरची खिंड, तिच्यापलीकडे ट्रेसी. स्वस्त घर बघून ट्रेसीला जाण्याचा विचार चालू असेल तर सही करण्याआधी दोन आठवडे रोज सकाळी सहाला अल्टामॉन्टची खबर ऐका. हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

'द मेझ' म्हणजे ओकलंड आणि सॅन फ्रान्सिस्कोला जोडणाऱ्या बे ब्रिजच्या ओकलंडच्या टोकाला ८०, ५८० आणि ८८० यांचा गुंता. कॅल्डिकॉट म्हणजे ओकलंड आणि ओरिंडामधला, २४ नंबरवरचा बोगदा.

'मीटरिंग लाइट्स आर ऑन' हे वाक्य पहाटे ऐकू येईल. बे ब्रिजच्या टोलनाक्यापुढे सिग्नल लावून गाड्या थोड्या थोड्या सोडायला सुरुवात झाली, असा त्याचा अर्थ. सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणाऱ्यांसाठीच हे असतं. ते कानावर पडलं आणि तुम्ही अजून घरीच आहात, तर बार्टने, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेने, जायचा विचार करा.

'स्टॉल' म्हणजे गाडी बंद पडलीय. 'ऑन द शोल्डर' म्हणजे ती कडेला घेतलीय, फारसा अडथळा नाही, फक्त बघ्यांमुळे वाहतूक मंदावते. 'ब्लॉकिंग टू लेन्स' म्हणजे मात्र दुसरा रस्ता धरा. 'सिग अलर्ट' म्हणजे लेन बराच वेळ बंद राहणार.

आता लेनचा हिशेब. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, त्यामुळे डावी लेन म्हटलं की मनात सावकाश जाणारी लेन येते. इथे उलट. डावी लेन वेगाची, आणि मोजणी तिथूनच होते: 'नंबर वन लेन' म्हणजे अगदी डावीकडची. पहिल्या वर्षी मी 'लेफ्ट लेन ब्लॉक्ड' ऐकून डावीकडेच सरकले होते. चूक लक्षात यायला अर्धा सेकंद लागला, आणि तो अर्धा सेकंद अजून आठवतो. वहीत पहिल्या पानावर हेच लिहा.

दिशांचंही तसंच. रस्त्याची दिशा पाटीवरची, सूर्याची नाही. सनीवेल-माउंटन व्ह्यूच्या पट्ट्यात १०१ जवळजवळ पूर्व-पश्चिम जातो, पण त्याला नॉर्थ आणि साउथच म्हणतात. त्याहून अवघड जागा बर्कलीजवळ आहे. तिथे ८० ईस्ट आणि ५८० वेस्ट हा एकच रस्ता आहे, आणि त्यावरची गाडी प्रत्यक्षात जाते उत्तरेला! रेडिओवर '५८० वेस्ट' ऐकून मी एकदा निश्चिंत झाले होते, कारण माझ्या मते मी '८० ईस्ट'वर होते. पाऊण तास तिथेच उभी राहिले. तेव्हापासून दिशेबरोबर जवळच्या एक्झिटचं नावही ऐकते: ॲशबी, युनिव्हर्सिटी, गिलमन. एक्झिटचं नाव कधी फसवत नाही.

उच्चारांचं थोडक्यात. बरीच नावं स्पॅनिश आहेत. स्पेलिंग वाचून 'जोस' म्हणाल ते 'होजे' आहे. नावं कानाने शिका, मग पाटीवर बघा. आणि इथले लोक नुसतं 'वन-ओ-वन' म्हणतात. 'द वन-ओ-वन' म्हणणारा माणूस लॉस एंजेलिसकडचा.

पहिल्या आठवड्यासाठी सराव सांगते. फक्त तुमचा एक रस्ता निवडा. दर दहा मिनिटांनी येणाऱ्या खबरीत तेवढंच नाव पकडा, बाकी सोडून द्या. दुसऱ्या आठवड्यात पर्यायी रस्ता जोडा. महिनाभरात आपोआप उलगडत जातं.

४. हवामान: एकच आकडा ऐकून स्वेटर ठरवू नका

इथे एका दिवसात, एका तासाच्या अंतरात, तीन हवामानं असतात. सॅन फ्रान्सिस्कोत साठ, फ्रीमॉन्टला ऐंशी आणि लिव्हरमोरला शंभर, हे उन्हाळ्यात नेहमीचं. म्हणून रेडिओवर किनारा, खाडीकाठ आणि आतला भाग असे वेगळे आकडे देतात. आपला पट्टा कुठला ते ठरवा आणि तोच ऐका. आकडे फॅरेनहाइटमध्ये असतात. तीस वजा करा आणि निम्मे करा, अंदाज येतो.

काही शब्द मात्र हवामानापलीकडचे आहेत.

'रेड फ्लॅग वॉर्निंग' म्हणजे कोरडा वारा आणि वणव्याचा धोका. डोंगराकडे राहत असाल तर त्या रात्री गाडीत पेट्रोल किंवा चार्ज भरून ठेवा, पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रं एका पिशवीत घ्या. 'ॲटमॉस्फेरिक रिव्हर' म्हणजे समुद्रावरून येणारा पावसाचा लांब पट्टा. आपल्या मुसळधारेपुढे तो किरकोळ वाटेल, पण इथली गटारं आणि डोंगरउतार त्या पावसाला सरावलेले नाहीत.

'स्पेअर द एअर' म्हणजे हवा खराब आहे. हा इशारा धुराच्या सूक्ष्म कणांमुळे दिलेला असेल, तर त्या दिवशी लाकूड जाळणं बेकायदा असतं. घरातली शेकोटी आणि अंगणातलं फायर पिट दोन्ही त्यात आलं. अंगणात छोटी होळी पेटवण्याचा बेत असेल तर त्या सकाळी रेडिओ नक्की ऐका.

९ सप्टेंबर २०२० ची सकाळ मी विसरणार नाही. आठ वाजले तरी उजाडत नव्हतं आणि आकाश गडद नारिंगी होतं. मुलगा विचारत होता, "आई, सूर्य गेला का?" मला उत्तर माहीत नव्हतं. रेडिओवर सांगितलं की वणव्यांचा धूर वर साचलाय, त्याच्याखाली समुद्रावरून आलेल्या थंड हवेचा थर आहे, आणि धुरातून फक्त लालसर प्रकाश खाली येतोय. तेच मी त्याला मराठीत सांगितलं. आकाश तसंच राहिलं, पण त्याने दूध प्यायलं.

५. बातमी, मत आणि जाहिरात यांत फरक करा

बातम्यांचं व्यापारी स्टेशन जाहिरातींवर जगतं. त्यात वावगं काही नाही, पण बातमी देणाऱ्या विश्वासू आवाजात कधीकधी जाहिरातही येते आणि नवख्या कानाला फरक कळत नाही. 'ब्रॉट टू यू बाय' आलं की पुढचं पैसे देऊन सांगितलेलं आहे, असं समजा.

चर्चेच्या स्टेशनांवर, विशेषतः शनिवार-रविवारी, गुंतवणूक, निवृत्तीचं नियोजन किंवा औषधी गोळ्यांवर अर्धा-एक तासाचे कार्यक्रम असतात. त्यातले पुष्कळ विकत घेतलेल्या वेळेत चालतात. कार्यक्रमाच्या सुरुवातीला किंवा शेवटी तसं सांगितलेलं असतं, तेवढं वाक्य कान देऊन ऐका. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने असा कार्यक्रम बातमी समजून ऐकला आणि फोन करून अपॉइंटमेंटही घेतली. सही करण्याआधी कुणीतरी अडवलं म्हणून बचावले.

राजकीय चर्चांचंही समजून घ्या. दोन्ही बाजू मांडायला लावणारा नियम इथे १९८७ मध्ये गेला. त्यानंतर सूत्रधाराने दिवसभर एकच बाजू लावून धरली तरी ते कायद्यात बसतं. तेही ऐकावं, शेजारी काय विचार करतात ते कळतं. मात्र ते मत आहे हे लक्षात ठेवून ऐका.

६. फोन करायचा असेल तर

अपघात दिसला आणि कुणी जखमी असेल तर आधी ९११. वाहतुकीची चौकशी करायची असेल तर ५११. रेडिओ त्यानंतर. आणि गाडी चालवताना हातात फोन धरणं कॅलिफोर्नियात बेकायदा आहे, त्यामुळे फोन करायचाच असेल तर थांबून करा.

चर्चेच्या कार्यक्रमात बोलायचं असेल तर आधी फोन घेणाऱ्या व्यक्तीला तुमचं पहिलं नाव, गाव आणि मुद्दा एका वाक्यात सांगा. तुमचा नंबर लागायला वीस मिनिटं जाऊ शकतात. तुम्हाला घेतलं की स्वतःचा रेडिओ लगेच बंद करा. प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं, आणि स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू आला की जीभ अडखळते. नाव सोपं करून सांगायची गरज नाही. दोनदा सावकाश सांगा, ते नीट घेतात. पत्ता, मुलांची शाळा, ऑफिसचं नाव हवेत जाऊ देऊ नका.

७. वीज गेल्यावर

ही पायरी बहुतेक जण टाळतात, कारण फोन आहे ना! ऑक्टोबर २०१९ मध्ये वणव्याच्या भीतीने वीज तोडली गेली तेव्हा मरीन काउंटीतले निम्म्याहून जास्त मोबाइल टॉवर बंद पडले होते. १७ ऑक्टोबर १९८९ ला संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांनी ६.९ तीव्रतेचा लोमा प्रिएटा भूकंप झाला. बे ब्रिजचा एक तुकडा खाली आला आणि ओकलंडमधला दुमजली सायप्रस फ्रीवे कोसळला. वीज गेली, फोन लागेनात. माझ्या ऑफिसमधले जुने लोक सांगतात की त्या रात्री ते गाडीत बसून रेडिओ ऐकत होते, कुठला पूल उभा आहे आणि कुठला नाही हे त्यावरूनच कळत होतं.

म्हणून घरातला छोटा रेडिओ दाराजवळच्या कपाटात ठेवा, कुणालाही अंधारात सापडेल असा. सेल रेडिओत घालून ठेवू नका, गळतात. त्याच पिशवीत बाजूला ठेवा. भूकंपाची पूर्वसूचना देणारं मायशेक ॲप फोनवर असू द्या, पण त्यानंतरच्या तासांसाठी रेडिओच हवा.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा हे त्यांना पहिल्या आठवड्यात दाखवा. दिवसभर घरी तेच असतात. माझ्या आईला इंग्रजी बातम्या भराभर कळत नाहीत, म्हणून मी रेडिओवर ७४० च्या आकड्याशी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय आणि मराठीत चार ओळींचा कागद चिकटवलाय: बटण कुठलं, 'इव्हॅक्युएशन' म्हणजे घर सोडा, 'शेल्टर इन प्लेस' म्हणजे घरातच थांबा, आणि 'धिस इज अ टेस्ट' ऐकू आलं तर ती नुसती चाचणी आहे, घाबरू नका. त्या कर्कश चाचणीने आई पहिल्यांदा जिन्यापर्यंत पळाली होती. आता ती म्हणते, "टेस्ट आहे गं," आणि कुकरकडे वळते.

मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं पुढे-मागे करतो, त्याच दिवशी सेल घालून रेडिओ एकदा लावून बघा. ७४० नीट लागला की सेल काढून परत पिशवीत.